आयईपीएफमध्ये गेलेले शेअर आणि डिव्हिडंड: अर्ज नेमका कुठे अडतो

विप्रोची सुरुवात १९४५ साली जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरातून झाली, त्यामुळे आपल्याकडे जुन्या ट्रंकेत कागदी शेअर सर्टिफिकेटं निघाली की कुणाला नवल वाटत नाही. पण "सात वर्षं उलटली, आता बुडालं" म्हणून ती पुन्हा ट्रंकेत टाकू नका. सलग ७ वर्षं डिव्हिडंड (लाभांश) उचलला नाही तर तो आणि शेअरही केंद्राच्या आयईपीएफकडे, म्हणजे गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीकडे, जातात. तिथून परत मागायला मुदत नाही. मूळ धारक किंवा त्याचे वारस, दोघांनाही मागता येतं. सरकारी फी शून्य, तेव्हा टक्केवारी मागणाऱ्या एजंटाच्या हाती मूळ सर्टिफिकेट देऊ नका.

बहुतेक जण थेट आयईपीएफ-५ हा दाव्याचा फॉर्म भरतात आणि तिथेच फसतात. आधी कंपनीच्या रजिस्ट्रारकडून, म्हणजे शेअरधारकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडून, हक्कपत्र, म्हणजे एन्टायटलमेंट लेटर घ्यायचं. त्यासाठी केवायसी लागते आणि खरी रखडपट्टी तिथली. सही जुळत नसेल तर आयएसआर-२ या सही पडताळणीच्या फॉर्मवर बँक मॅनेजरची सही-शिक्का हवा. "आमच्याकडे असलं काही होत नाही" हे उत्तर शाखेत हमखास मिळतं. छापलेला फॉर्म, पासबुक घेऊन जा आणि शांतपणे बसून राहा. दुसरी अडचण नावाची. सर्टिफिकेटवर नुसतं 'ताराबाई सीताराम', आधारवर 'तारा सीताराम पाटील'. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. डीमॅट (शेअर इलेक्ट्रॉनिक रूपात ठेवायचं) खातंही हवंच, कारण शेअर तिथेच जमा होतात.

धारक वारले असतील तर वारसांनी आधी रजिस्ट्रारकडे ट्रान्समिशनची, म्हणजे शेअर वारसांच्या नावावर करण्याची, कागदपत्रं द्यावीत.

मग ऑनलाइन आयईपीएफ-५ फॉर्म, आणि त्याची प्रिंट, पोच, इंडेम्निटी बाँड (नुकसानभरपाईचं हमीपत्र), रेव्हेन्यू तिकीट लावलेली आगाऊ पावती, मूळ सर्टिफिकेट कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे स्पीड पोस्टाने. झेरॉक्स घरी ठेवा. एका कंपनीसाठी आर्थिक वर्षात एकच दावा चालतो, म्हणून सगळी वर्षं एकदमच मागा. कंपनीने ३० दिवसांत आयईपीएफकडे पडताळणी अहवाल पाठवायचा असतो. तो गेला का, हे विचारत राहणं मात्र आपल्याच नशिबी.

पैसे आले की सगळी रक्कम यंदाचं उत्पन्न म्हणून रिटर्नमध्ये टाकायची घाई होते. पण अंतिम डिव्हिडंड (वार्षिक सभेत मंजूर होणारा) ज्या वर्षी जाहीर झाला, त्या वर्षाचं उत्पन्न धरला जातो. शिवाय १ एप्रिल २०२० आधी वाटपावरचा कर कंपनीच भरत असे. तेव्हा हक्कपत्र मागतानाच वर्षवार डिव्हिडंडचा तक्ताही मागून घ्या.