यंत्रामुळे वाचलेला पैसा कोणाचा? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

नवे तंत्रज्ञान आले की वादाला तोंड फुटते आणि थोड्याच वेळात त्याचे दोन तट पडतात: एक प्रगतीचा दाखला देतो, दुसरा रोजगार बुडण्याची भीती बोलून दाखवतो. या गदारोळात विरोध करणाऱ्यावर यंत्रद्वेष्टेपणाचा शिक्का बसतो. हा शिक्का ज्यांच्यापासून रूढ झाला, त्या इंग्लंडमधील लडाइट कामगारांची, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला यंत्रे फोडणाऱ्यांची, मूळ तक्रार मात्र फारशी कोणी वाचत नाही. ती वाचली तर आजच्या कितीतरी भांडणांचा उलगडा होतो.

नॉटिंगहॅमशायरमध्ये १८११ साली कामगारांनी जी यंत्रे फोडली, ती मोजे विणण्याची यंत्रे होती आणि ती मुळीच नवी नव्हती. विल्यम ली याने १५८९ च्या सुमारास असे यंत्र बनवले होते, आणि त्यानंतरची सव्वादोनशे वर्षे विणकरांच्या पिढ्या त्यावरच पोट भरत आल्या होत्या. यंत्रे बहुधा व्यापाऱ्यांच्या मालकीची असत. विणकराच्या मजुरीतून दर आठवड्याला यंत्रभाडे कापले जाई, आणि काम थोडे असले तरी ते टळत नसे. काही ठिकाणी मजुरी रोख न देता मालाच्या रूपात दिली जाई. त्यात व्यापाऱ्यांनी एक नवी पद्धत काढली. रुंद यंत्रावर सपाट कापड विणायचे, ते मोज्याच्या आकारात कापायचे आणि कडा शिवून टाकायच्या. असा मोजा स्वस्त पडे, पण शिवणीपाशी लवकर उसवे. त्यामुळे साऱ्या धंद्याचे नाव खराब होई आणि नीट विणलेल्या मोज्याचा दरही खाली येई. शिवाय या कामावर उमेदवारी, म्हणजे धंदा शिकण्याचा ठरलेला काळ, पूर्ण न केलेली माणसे कमी मजुरीत बसवली जात. म्हणूनच हातोडा सरसकट चालत नसे. ठरलेला दर देणाऱ्या मालकांची यंत्रे अनेकदा तशीच सोडली जात. यॉर्कशायरमधल्या लोकरी कापड कातरणाऱ्या कारागिरांची गोष्ट निराळी होती. तिथे यंत्र खरोखरच माणसाच्या हातचे काम काढून घेत होते.

विणकरांनी कायद्याचा मार्गही धरला होता, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. विणकरांचे नेते ग्रॅव्हनर हेन्सन यांच्या पुढाकाराने धंद्यातील फसवणूक रोखणारे विधेयक १८१२ मध्ये संसदेत आले. ते कनिष्ठ सभागृहात संमत झाले आणि उमरावांच्या सभागृहात फेटाळले गेले. त्याच वर्षी त्याच संसदेने यंत्र फोडण्याच्या गुन्ह्याला मृत्युदंड लागू केला. कवी लॉर्ड बायरन यांनी २७ फेब्रुवारी १८१२ रोजी उमरावांच्या सभागृहातील आपल्या पहिल्याच भाषणात त्याला विरोध केला, पण उपयोग झाला नाही. बंदोबस्तासाठी हजारो सैनिक तैनात झाले आणि जानेवारी १८१३ मध्ये यॉर्क येथे १७ जणांना फाशी देण्यात आले. पाठोपाठ १८१३ व १८१४ मध्ये, सोळाव्या शतकापासून चालत आलेल्या कायद्यातील मजुरी आणि उमेदवारीविषयीची कलमे रद्द करण्यात आली. सरकारने बाजाराला मोकळे सोडले असे याचे वर्णन केले जाते. वस्तुतः सरकारने एका बाजूचे संरक्षण काढून घेतले आणि दुसऱ्या बाजूच्या रक्षणासाठी फौज उभी केली.

अर्थशास्त्रज्ञांमध्ये ही अडचण सर्वांत प्रामाणिकपणे मान्य केली ती डेव्हिड रिकार्डो यांनी. यंत्रामुळे अखेर सर्वांचेच भले होते, असे त्यांचे आधीचे मत होते. आपल्या मुख्य ग्रंथाच्या १८२१ मधील तिसऱ्या आवृत्तीत त्यांनी यंत्रांवर नवे प्रकरण घातले, ते मत बदलले आणि यंत्रामुळे आपले नुकसान होते हे कामगारांचे म्हणणे केवळ अज्ञानातून आलेले नाही, असे नमूद केले. देशाचे निव्वळ उत्पन्न वाढत असतानाच मजुरांची स्थिती बिघडू शकते, हा त्यांचा मुद्दा आजही तितकाच खरा आहे.

पुढे मजूर संघटनांना मान्यता मिळत गेली, कारखान्यांसाठी कायदे झाले, आणि यंत्राचा फायदा कसा वाटायचा हे वाटाघाटीत ठरू लागले. याचे सर्वांत बोलके उदाहरण बंदरांतले आहे. अमेरिकेतील वाहतूक व्यावसायिक माल्कम मॅक्लीन यांचे ५८ कंटेनर, म्हणजे मालासकट उचलता येणारे मोठे पेटारे, घेऊन एक जहाज २६ एप्रिल १९५६ रोजी नेवार्कहून ह्यूस्टनकडे निघाले, तेव्हा पोती आणि खोकी पाठीवर वाहणाऱ्या गोदी कामगारांचे दिवस भरल्याचे जाणत्यांच्या लक्षात येऊ लागले. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील संघटनेचे नेते हॅरी ब्रिजेस यांनी कंटेनर अडवण्याऐवजी त्याची किंमत मागितली. १९६० च्या करारानुसार मालकांना नव्या पद्धती आणण्याची मोकळीक मिळाली आणि त्याबदल्यात त्यांनी वर्षाला सुमारे ५० लाख डॉलर कामगारांसाठीच्या निधीत भरायचे ठरले. त्यातून मुदतपूर्व निवृत्ती घेणाऱ्यांना लाभ मिळाले आणि पूर्ण नोंदणी असलेल्या कामगारांच्या कमाईला हमी मिळाली. कराराची उणीवही लपून राहिली नाही: दुय्यम नोंदणीतील कामगार या हमीबाहेरच राहिले. तरीही बचतीत कामगाराचा हक्काचा वाटा आहे, हे त्यात लेखी मान्य झाले.

अलीकडच्या वादांत आधी मालक कोण हेच सिद्ध करावे लागते. ॲपवरून काम घेणारा चालक स्वतंत्र व्यावसायिक की कामगार, या एका उत्तरावर किमान वेतन आणि भरपगारी रजा अवलंबून असते. कॅलिफोर्नियात नोव्हेंबर २०२० च्या सार्वमताने अशा चालकांना स्वतंत्र व्यावसायिक ठरवले, आणि या प्रस्तावाच्या प्रचारावर कंपन्यांनी २० कोटी डॉलरहून अधिक खर्च केला. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ रोजी उबरच्या चालकांबाबत नेमका उलट निकाल दिला. ॲप तेच, काम तेच. फरक पडला तो नियमांत आणि ते ठरवण्याच्या रीतीत. युरोपीय संघाने २०२४ मध्ये काढलेल्या निर्देशानुसार, चालकाचे खाते बंद करण्यासारखा निर्णय केवळ संगणकप्रणालीवर सोडता येणार नाही, तो माणसानेच घ्यावा लागेल. सदस्य देशांना हा निर्देश आपापल्या कायद्यात उतरवण्यासाठी डिसेंबर २०२६ पर्यंतची मुदत देण्यात आली.