खाण सुरक्षा संशोधन (मुंबई परिसर)

खाणीतील स्फोट, वायू, धूळ, पाणी, दरडी यांची कारणे शोधून कामगारांचा आणि आसपासच्या वस्तीचा धोका कमी करणे, तसेच खनिजे व इंधन वाया न घालवता काढणे, यांसाठी सरकारी संस्था करीत असलेला अभ्यास. भारतात या कामाची मुख्य ठिकाणे धनबाद आणि नागपूर. मुंबईत खाणी कुठल्या, असे पुष्कळांना वाटते. पण खाण अधिनियम १९५२ मधील ‘खाण’ या संज्ञेत दगडखाणी येतात आणि तेलविहिरीही येतात. त्यामुळे कांदिवली-मालाडच्या कातळापासून शहराच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर असलेल्या मुंबई हाय तेलक्षेत्रापर्यंत हा विषय पोचतो. समुद्रातील तेलकामाची नियमावली मात्र पुढे वेगळी झाली.

पूर्वपीठिका : जगात सर्वत्र हे संशोधन अपघातांच्या मागोमाग आले. अमेरिकेत १९०७ साली मोनोंगा येथील कोळसा खाणीत ३६२ माणसे दगावली, त्यानंतर १९१० मध्ये तिथे सरकारी खाण ब्युरो स्थापन झाला. १९९६ मध्ये तो बंद करण्यात आला. भारतात १९०२ च्या जानेवारीत कलकत्त्यात खाण तपासणी कार्यालय सुरू झाले, १९०८ मध्ये ते धनबादला हलले आणि पुढे त्याचेच खाण सुरक्षा महासंचालनालय झाले. हे कार्यालय नियम करते, तपासणी करते. प्रयोगशाळेचे काम स्वातंत्र्यानंतर उभ्या राहिलेल्या दोन संस्थांकडे होते : इंधनाचे संशोधन करणारी दिगवाडीहची संस्था आणि खाणकामाचे संशोधन करणारे धनबादचे केंद्र. २००७ मध्ये दोन्ही एकत्र करून केंद्रीय खनन व इंधन संशोधन संस्था (सिम्फर) तयार झाली.

नियमांतल्या पुष्कळ आकड्यांमागे भूमिगत कोळसा खाणींचा इतिहास आहे. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत जुन्या, पाण्याने भरलेल्या कामाची भिंत फुटली आणि ३७५ कामगार बुडाले. पाण्याने भरलेल्या जुन्या कामापासून ६० मीटरांच्या आत परवानगीशिवाय खोदू नये, हा नियम त्या वेळी अस्तित्वात होताच. मिथेन वायू हवेत साधारण ५ ते १५ टक्के असला की स्फोट होऊ शकतो. म्हणून हवा बाहेर नेणाऱ्या मार्गात त्याची मर्यादा ०.७५ टक्के आणि खाणीत कुठेही १.२५ टक्के अशी ठरवलेली आहे. मुंबईच्या बसाल्टात, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याच्या कातळात, कोळसा नाही आणि मिथेनही नाही. इथला प्रश्न आहे सुरुंगाचा.

दगडखाणी आणि सुरुंग : शहराच्या जुन्या इमारती याच परिसरातील दगडाच्या आहेत. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या इमारतीत कुर्ल्याचा करडा बसाल्ट आणि मालाडचा पिवळसर दगड शेजारी शेजारी दिसतो. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे उभे खांब हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा अवशेष. त्याच्या भोवतीचा बराच दगड फोडून नेला गेला आणि आता इमारतींच्या गराड्यात एकटा सुळका उरला आहे. पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडणाऱ्या वडार समाजाची वस्ती अशा खाणींच्या आधाराने वाढली. कायद्याच्या भाषेत इमारतीचा दगड आणि खडी हे ‘गौण खनिज’. त्याचा परवाना आणि स्वामित्वधन महसूल खात्याकडे, मोजमाप ब्रासमध्ये, म्हणजे शंभर घनफुटांत. सुरक्षेची जबाबदारी मात्र केंद्राच्या महासंचालनालयाकडे, आणि तीही सरसकट नाही. उघड्या खाणीची खोली कुठेही ६ मीटरांपेक्षा जास्त नसेल, एका दिवशी ५० पेक्षा जास्त माणसे कामावर नसतील आणि स्फोटके वापरली जात नसतील, तर अशी दगडखाण १९५२ च्या अधिनियमातील बहुतेक तरतुदींतून सुटते. या सवलतीने लहान खाणीवाल्याची कागदपत्रांतून सुटका होते हे खरे, पण साडेपाच मीटरांची उभी कपार अंगावर आली तर माणूस वाचत नाही, हेही तितकेच खरे. २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत खाण अधिनियम सामावून घेण्यात आला आहे.

सुरुंग उडाला की ऊर्जेचा काही भाग दगड फोडण्यात जातो, उरलेला जमिनीतून लाटेच्या रूपाने पसरतो. ही लाट घरापर्यंत पोचते तेव्हा जमिनीचा कण क्षणभर किती वेगाने हलतो, हे मिलिमीटर प्रति सेकंदात मोजतात. मापनयंत्राचा संवेदक घराच्या पायाजवळ जमिनीत घट्ट रोवतात. सैल राहिला तर नोंद चुकते. तो उभ्या आणि दोन आडव्या अशा तीन दिशांतील हालचाल टिपतो. महासंचालनालयाच्या १९९७ मधील सातव्या क्रमांकाच्या तांत्रिक परिपत्रकात मर्यादा दिलेल्या आहेत. खाणमालकाच्या मालकीचे नसलेले साधे राहते घर असेल, तर कंपनाची वारंवारता (सेकंदाला होणारी आंदोलने) ८ हर्ट्झपेक्षा कमी असताना ५ मिलिमीटर, ८ ते २५ हर्ट्झमध्ये १० आणि त्यापुढे १५ मिलिमीटर प्रति सेकंद. ऐतिहासिक किंवा नाजूक वास्तूसाठी हेच आकडे २, ५ आणि १० असे खाली येतात. वारंवारतेप्रमाणे मर्यादा बदलण्याचे कारण असे, की घराची स्वतःची डोलण्याची लय मंद असते आणि मंद कंपन तिच्याशी जुळून घराला जास्त हलवते. कातळावरच्या घराला सुरुंगाचा ठोका कडक पण तीव्र वारंवारतेचा बसतो. भराव टाकलेल्या किंवा खाडीच्या चिखलावरच्या घराला मंद आणि लांबलेला. मुंबईत दोन्ही प्रकारची जमीन एकाच पिनकोडात सापडते.

वस्तीतले लोक आणि खाणचालक यांच्यातल्या भांडणाचे मूळही याच मोजमापात आहे. माणसाला १ मिलिमीटर प्रति सेकंदाच्या आसपासचे कंपन सहज जाणवते, म्हणजे घराला इजा होण्याच्या मर्यादेच्या बरेच अलीकडे. शिवाय सुरुंगाचा हवेतला दाब खिडक्या खडखडवतो. रहिवासी सांगतो ‘घर हादरले’, खाणचालक कागद दाखवतो ‘वाचन मर्यादेत आहे’, आणि दोघेही खोटे बोलत नसतात. म्हणूनच काम सुरू होण्याआधी भिंतींवरच्या जुन्या भेगांची छायाचित्रांसह नोंद करून ठेवणे महत्त्वाचे. पावसाळ्यात गिलाव्याला पडलेली भेग सुरुंगाच्या नावावर जाते, तशीच सुरुंगाची पावसाळ्याच्या नावावर.

कंपन कमी करण्याचा मुख्य उपाय म्हणजे स्फोटके भरलेली सगळी भोके एकदम न उडवणे. डिले डेटोनेटर लावून प्रत्येक भोकाचा दारूगोळा काही मिलिसेकंदांच्या अंतराने उडवतात. दोन स्फोटांत निदान ८ मिलिसेकंदांचे अंतर असले तर ते वेगवेगळे मानायचे, हा संकेत अमेरिकी ब्युरोच्या अभ्यासातून आलेला आहे. अंतराला एका वेळी उडणाऱ्या स्फोटकाच्या वजनाच्या वर्गमुळाने भागून कंपनाचा अंदाज बांधण्याची रीतही त्याच परंपरेतली. त्यातले स्थिरांक मात्र दर जागेच्या दगडाप्रमाणे नव्याने काढावे लागतात. दुसरा धोका उडणाऱ्या दगडांचा. स्फोटाच्या वेळी साधारण ५०० मीटर त्रिज्येचा पट्टा धोक्याचा धरतात. मुंबईत इतकी मोकळी जागा आणायची कुठून? म्हणून भोकांवर लोखंडी जाळी, जुने कन्व्हेयर पट्टे, वाळूची पोती अंथरून झाकलेला सुरुंग उडवावा लागतो. नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची टेकडी सुरुंगांनी उतरवली गेली, तेव्हा खाणीत तयार झालेले हे तंत्र बांधकामात वापरले गेले.

धूळ : दगडखाणीतली आणि खडी क्रशरवरची धूळ दिसायला सारखीच, पण घातकता दगडावर ठरते. सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार मुक्त, स्फटिकरूप सिलिकामुळे होतो. बसाल्टात निम्म्याच्या आसपास सिलिका असते, पण ती इतर मूलद्रव्यांशी बांधलेली. मुक्त गारगोटी फार थोडी. राजस्थानच्या वालुकाश्माच्या तुलनेत इथला कामगार त्या अर्थाने बरा. मालाडसारखा आम्लधर्मी दगड तोडताना हा दिलासा तितकासा लागू पडत नाही. कोळसा खाणींत श्वासातून आत जाणाऱ्या धुळीची मर्यादा बराच काळ ३ मिलिग्रॅम प्रति घनमीटर होती. मुक्त सिलिका ५ टक्क्यांहून अधिक असेल तर १५ ला त्या टक्केवारीने भागून ती काढत. धूळ दाबण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पाणी सोडत भोक पाडणे. शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेतही कामाच्या जागेवरील धुळीचा अभ्यास होतो, पण तिचे कार्यक्षेत्र कारखाने आणि गोद्या. खाण हद्दीबाहेरचा क्रशर कारखान्यात मोडला तर त्याचे नियम शीवच्या बाजूचे आणि शंभर पावलांवरच्या खाणीचे नियम धनबादचे, अशी ही विभागणी आहे.

समुद्रातील तेलक्षेत्र : १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या समुद्री वेधन मंचाने (रिगने) मुंबई हायचे तेल शोधले आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. या क्षेत्रातला एक मोठा अपघात २७ जुलै २००५ चा, म्हणजे सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. ‘समुद्र सुरक्षा’ नावाच्या सहाय्यक जहाजावरच्या स्वयंपाक्याच्या बोटांना इजा झाली होती. हवामानामुळे हेलिकॉप्टर येऊ शकत नव्हते, म्हणून त्याला क्रेनने बॉम्बे हाय नॉर्थ या तेल-उत्पादनाच्या मंचावर चढवण्यात आले. उसळत्या लाटांत जहाज मंचाकडे ढकलले गेले आणि समुद्रतळावरून वर येणाऱ्या वायूच्या रायझर नळीवर आदळले. गळती झाली, आग लागली आणि सुमारे दोन तासांत मंच नष्ट झाला. २२ जण दगावले, साडेतीनशेहून अधिक वाचले. रायझर जहाजे लागण्याच्या जागेजवळ असू नयेत, असले तर त्यांना मोठ्या जहाजाचा धक्का सोसणारे कठडे असावेत, आणि कुठल्या हवामानात जहाजाने किती जवळ यावे हे कप्तानाच्या अंदाजावर सोडू नये, हे धडे त्यातून निघाले. २००८ मध्ये समुद्रातील तेलकामासाठी स्वतंत्र सुरक्षा नियम झाले आणि त्यांची अंमलबजावणी १९८६ पासूनच्या तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाकडे आली. जमिनीवरच्या तेलविहिरी खाण महासंचालनालयाकडेच राहिल्या. समुद्रातील मंचांच्या रचनेचा आणि तळाच्या मातीचा अभ्यास ओएनजीसीच्या पनवेल येथील संस्थांत होतो.

खनिजे : खनिजांची प्रतवारी, नोंदी आणि बचत हे काम १९४८ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय खाण ब्युरोचे, त्याचे मुख्यालय नागपूरला. मुंबईचा वाटा अणुखनिजांत आहे. किनाऱ्यावरच्या वाळूतून मोनाझाइट हे थोरियमयुक्त खनिज वेगळे करणाऱ्या इंडियन रेअर अर्थ्‌सचे (आताच्या आयआरईएलचे) मुख्य कार्यालय प्रभादेवीला आहे आणि झारखंडमधील जादुगोडा युरेनियम खाणीतल्या रेडॉन वायूचे व कामगारांना मिळणाऱ्या किरणोत्सर्गाच्या मात्रेचे मापन तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राची आरोग्य-भौतिकी शाखा करते. तिथेही मुख्य उपाय जुनाच, भरपूर वारा खेळता ठेवण्याचा; रेडॉनची किरणोत्सर्गी अपत्ये, म्हणजे त्याच्या विघटनातून होणारी मूलद्रव्ये, साचण्याआधी हवा बाहेर काढली, की मात्रा खाली येते.