ऑडिओ केबल: मोजता येणारा फरक आणि ऐकू येणारा फरक

आयर्लंड आणि न्यूफाउंडलँड यांना जोडणारी अटलांटिकपारची पहिली तारायंत्र केबल १८५८च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली, तेव्हा राणी व्हिक्टोरियाने अमेरिकेच्या अध्यक्षांना पाठवलेला ९८ शब्दांचा संदेश पलीकडे पोहोचायला सुमारे १६ तास लागले. समुद्रतळावरच्या त्या हजारो किलोमीटर लांब तारेत प्रत्येक विद्युतस्पंद पसरट होत जाई आणि पुढच्या स्पंदात मिसळून जाई. विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी केबल टाकण्याच्या काही वर्षे आधीच गणिताने दाखवले होते की हा विलंब तारेच्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तारेमुळे संकेत बिघडू शकतो, ही गोष्ट तेव्हापासून निर्विवाद आहे. महागड्या ऑडिओ केबलने आवाज सुधारतो असे म्हणणारे याच तत्त्वाचा आधार घेतात आणि तत्त्व म्हणून ते बरोबरच आहे. मात्र ॲम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंतच्या चार-पाच मीटरांत हा बिघाड किती होतो, हे आकडे मांडल्याशिवाय सांगता येत नाही.

माणसाला ऐकू येणाऱ्या ध्वनीची वरची मर्यादा साधारण २० किलोहर्ट्झ आहे. केबलमधून संकेत सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर वेगाने जातो असे धरले, तर या सर्वांत वरच्या वारंवारतेचीही तरंगलांबी १० किलोमीटर भरते. तिच्यापुढे खोलीतली तार इतकी आखूड आहे की संकेत टोकावर आपटून परत येणे किंवा वाटेत पसरणे असल्या लांब तारांच्या अडचणी इथे उद्भवतच नाहीत. मग विचारात घ्यायला तीनच गुणधर्म उरतात: रोध (प्रवाहाला होणारा अडथळा), धारिता (तारांमध्ये विद्युतभार साठवण्याची क्षमता) आणि प्रवर्तकता (प्रवाहातील बदलाला होणारा विरोध). तिन्ही साध्या उपकरणांनी मोजता येतात.

स्पीकरच्या तारेत रोध सर्वांत महत्त्वाचा. स्पीकरवर ८ ओहम असे छापलेले असले तरी तो आकडा नाममात्र असतो. प्रत्यक्षात त्याचा इम्पीडन्स, म्हणजे बदलत्या प्रवाहाला होणारा एकूण अडथळा, वारंवारतेनुसार बदलतो, कुठे ४ ओहमपर्यंत उतरतो, तर कुठे ३० ओहमपर्यंत चढतो. समजा, १० मीटर अंतरासाठी ०.५ चौरस मिलिमीटरची बारीक तांब्याची तार वापरली. जाऊन-येऊन २० मीटर धरता तिचा रोध सुमारे ०.७ ओहम होतो. जिथे स्पीकरचा इम्पीडन्स ४ ओहम आहे, तिथे या तारेमुळे पातळी जवळजवळ १.४ डेसिबेलने खाली येते आणि ३० ओहमच्या ठिकाणी जेमतेम ०.२ डेसिबेलने. म्हणजे आवाज सर्वत्र सारखा कमी न होता काही स्वर इतरांपेक्षा सुमारे १.२ डेसिबेलने मागे पडतात आणि हा फरक लक्ष देऊन ऐकणाऱ्याला कळू शकतो. तीच लांबी २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेने गाठली, तर हा फरक पाव डेसिबेलवर येतो. अंतर निम्मे केले तर आणखी निम्मा होतो. इथपर्यंतची सुधारणा खरी आहे आणि ती कोणत्याही साध्या जाड तांब्याच्या तारेने मिळते.

त्यापुढची बहुतेक जाहिरात धातूच्या शुद्धतेभोवती फिरते. चांदी तांब्यापेक्षा जास्तीत जास्त ६-७ टक्के चांगली वाहक आहे, तेव्हा तांब्याची तार तेवढीच जाड घेतली की हिशेब पूर्ण होतो. ऑक्सिजनमुक्त तांब्याचा फायदा तर साधारण टक्काभराचा. प्रवाह तारेच्या पृष्ठभागाकडे सरकतो, या त्वचा परिणामाचाही दाखला नेहमी दिला जातो. तांब्यात २० किलोहर्ट्झला त्याची खोली सुमारे अर्धा मिलिमीटर असते. त्यामुळे जाड तारेचा रोध अगदी वरच्या स्वरांना किंचित वाढतो खरा, पण वाढणारी मूळ रक्कमच ओहमच्या शतांशांत असते.

धारितेची गोष्ट अधिक रंजक आहे, कारण तिथे एकच तार एका ठिकाणी निरुपद्रवी आणि दुसऱ्या ठिकाणी प्रभावी ठरते. उपकरणांना जोडणाऱ्या केबलची धारिता मीटरला साधारण १०० पिकोफॅरड असते. सीडी प्लेअरसारख्या उपकरणाचा आउटपुट इम्पीडन्स २०० ओहम धरला आणि केबल २ मीटर घेतली, तर वरच्या स्वरांची घट सुमारे ४० लाख हर्ट्झला सुरू होते, म्हणजे ऐकण्याच्या मर्यादेच्या २०० पट वर. आता हीच केबल इलेक्ट्रिक गिटारला लावली तर चित्र पालटते. गिटारच्या पिकअपमध्ये, म्हणजे तारांची कंपने विद्युतसंकेतात बदलणाऱ्या भागात, बारीक तारेचे हजारो वेढे असतात आणि त्याची प्रवर्तकता काही हेन्री भरते. ही प्रवर्तकता आणि केबलची धारिता मिळून एक अनुनादी मंडल तयार होते; ते एका ठरावीक वारंवारतेला उठाव देते आणि तिच्यावरचे स्वर दाबते. पिकअप ३ हेन्रीचा असेल, तर ढोबळ हिशेबाने ५ मीटर केबलला त्याचा अनुनाद ४ किलोहर्ट्झच्या आसपास येतो आणि १० मीटरला ३ किलोहर्ट्झच्याही खाली उतरतो. कानाच्या सर्वांत संवेदनशील पट्ट्यातच हा बदल होत असल्यामुळे लांब केबलवर गिटारचा सूर बोथट होतो, असे वादक म्हणतात ते अक्षरशः खरे आहे. टर्नटेबलवरच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचेही (तबकडीवरच्या सुईची कंपने हलत्या चुंबकाने विद्युतसंकेतात बदलणारा भाग) तसेच असते, आणि म्हणूनच त्यांचे उत्पादक किती धारितेवर कार्ट्रिज चालवावी हे सांगतात. माझ्या मते या वादात सर्वाधिक दुर्लक्षित मुद्दा हाच आहे: केबलचा परिणाम तिच्या दोन्ही टोकांना काय जोडले आहे त्यावर ठरतो आणि तो संदर्भ वगळून एखादी केबल ‘उघड्या’ किंवा ‘उबदार’ आवाजाची म्हणणे अर्थहीन आहे.

बाहेरचा गोंगाट आत येऊ न देणे हेही केबलचे काम आहे. मायक्रोफोनचा संकेत काही मिलिव्होल्टचा असतो, तेव्हा लांब अंतरासाठी बॅलन्स्ड केबल (एकच संकेत दोन तारांतून उलटसुलट पाठवून दोहोंत सारखाच शिरलेला गोंगाट वजा करणारी) आणि चांगले आच्छादन आवश्यकच ठरते. डिजिटल केबलबद्दल थोडक्यात सांगायचे, तर ती मानकाप्रमाणे असली की सगळे बिट पोहोचतात; ती सदोष असेल तर आवाज तुटतो किंवा टकटक ऐकू येते, पण बासरी अधिक गोड होत नाही.

तरीही अनेक प्रामाणिक श्रोत्यांना केबल बदलल्यावर फरक जाणवतो आणि त्यांना खोटे ठरवणे अन्यायाचे आहे. केबल काढून पुन्हा लावताना सांध्यावरचा गंज घासला जातो. डोके थोडे इकडे-तिकडे झाले तरी खोलीतल्या परावर्तनांमुळे कानाशी पोहोचणारा ध्वनी बदलतो. खर्जाच्या भागात जागेनुसार १० डेसिबेलपेक्षाही मोठे चढउतार नेहमीचे आहेत. शिवाय अपेक्षा असतेच. २००८ साली प्लासमन आणि सहकाऱ्यांनी एकच वाइन स्वयंसेवकांना दोन वेगवेगळ्या किमती सांगून दिली. जास्त किंमत सांगितली की ती अधिक आवडली आणि सुखद अनुभवाशी निगडित मेंदूच्या भागातली हालचालही वाढली. म्हणजे किमतीने दिलेला आनंद हा बतावणीचा नव्हता. ऐकण्याच्या आनंदाला हेच लागू होते, असे मला वाटते. सुंदर, मजबूत केबल पाहून कोणाचे ऐकणे खुलत असेल तर तो आनंद खराच. मात्र तो ध्वनीच्या अचूकतेचा पुरावा म्हणून विकला जातो, तेव्हा ग्राहकाची फसवणूक होते.

दोन्ही गोष्टी वेगळ्या काढायला आंधळी चाचणी लागते. आधी स्पीकरच्या टोकांवरचे व्होल्टेज मोजून दोन्ही केबलवरची पातळी ०.१ डेसिबेलच्या आत जुळवावी, कारण किंचित मोठा आवाज आपल्याला मोठा न वाटता चांगला वाटतो. मग दुसऱ्या कोणी नाणे उडवून, श्रोत्याच्या नजरेआड केबल निवडावी आणि तिची नोंद ठेवावी; श्रोत्याने ती कोणती हे ऐकून ओळखावे. केबल निवडणाऱ्याने चाचणीभर श्रोत्यासमोर येऊ नये, म्हणजे चेहऱ्यावरूनही सुगावा लागत नाही. अशा १६ फेऱ्यांत १२ किंवा अधिक उत्तरे केवळ अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी आहे. तेवढी आली, तर रोध आणि धारिता मोजून कारण शोधावे. बहुतेक वेळा ते तिथेच सापडते. नाही आली, तर त्या श्रोत्याला, त्या खोलीत, त्या दोन केबलमधला फरक ओळखता आल्याचा पुरावा मिळाला नाही, एवढाच निष्कर्ष निघतो आणि त्या श्रोत्याच्या खरेदीसाठी तो पुरेसा आहे.