एकविसावा रकाना

शुक्रवार, १९ जुलै २०२४. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सुरक्षा कंपनीनं आपल्या ग्राहकांच्या विंडोज संगणकांवर एक लहानशी फाइल पाठवली. चूक लक्षात आल्यावर १० वाजून ५७ मिनिटांनी ती मागेही घेतली. या ७८ मिनिटांत ज्या ज्या संगणकांनी ती फाइल उतरवून घेतली, ते निळी स्क्रीन दाखवून बंद पडले, पुन्हा सुरू झाले आणि पुन्हा बंद पडले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार असे सुमारे ८५ लाख संगणक होते. जगातल्या विंडोज संगणकांच्या हिशेबात हा आकडा एक टक्क्याच्याही आतला. पण क्राउडस्ट्राइकचं हे महागडं सॉफ्टवेअर घरच्या लॅपटॉपवर नसतं; ते असतं विमान कंपन्यांच्या काउंटरवर, बँकांत, रुग्णालयांत. अमेरिकेत तेव्हा मध्यरात्र होती, ऑस्ट्रेलियात दुपार, आणि आपल्याकडे ऑफिसं नुकती उघडत होती. देशातल्या विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. हैदराबादहून कोलकात्याला निघालेल्या एका प्रवाशाच्या अशा पासाचा फोटो त्या दिवशी सगळ्यांच्या फोनवर फिरला.

अपडेटनंतर ड्रायव्हर, म्हणजे उपकरण आणि विंडोज यांच्यातला दुवा असलेला प्रोग्रॅम, बिघडणं ही रोजचीच गोष्ट. कुणाचा आवाज जातो, कुणाचं वायफाय, कुणाचा प्रिंटर रुसतो. मग एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या फाइलनं अख्खा संगणक का आडवा व्हावा?

प्रोसेसर दोन प्रकारच्या अधिकारांनी काम करतो. ब्राउझर, वर्ड, टॅली ही मंडळी कमी अधिकारात चालतात. प्रत्येकाला मेमरीचा आपापला तुकडा मिळतो आणि तिथून बाहेर हात घालता येत नाही. ब्राउझरनं गडबड केली तर विंडोज त्याला बंद करतं. बाकीचं काम सुरू राहतं. बहुतेक ड्रायव्हर मात्र कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या सर्वोच्च अधिकाराच्या गाभ्यात चालतात, आणि या सुरक्षा सॉफ्टवेअरचा ड्रायव्हरही तिथेच. तिथे मेमरी सामाईक असते. कर्नलमधला एखादा कोड जिथे काहीच नाही असा पत्ता वाचायला गेला, की आणखी काय काय बिघडलं असेल हे कळायचा खात्रीचा मार्ग ऑपरेटिंग सिस्टिमकडे उरत नाही. तसंच पुढे रेटलं तर हार्ड डिस्कवर चुकीचं काही लिहिलं जाऊ शकतं. म्हणून विंडोज सगळं जागच्या जागी थांबवतं, मेमरीची नोंद एका डंप फाइलमध्ये उतरवतं आणि निळी स्क्रीन (२०२५ पासून नव्या विंडोज ११ मध्ये काळी) दाखवतं. लोक शिव्या त्या स्क्रीनला देतात, पण तुमचा डेटा बहुतेक वेळा तिच्यामुळेच शाबूत राहतो.

ड्रायव्हर लिहिणारे मात्र शेकडो कंपन्यांचे शेकडो लोक असतात आणि सगळ्यांचा हात सारखा नसतो. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कोडचा अभ्यास करणाऱ्या स्टॅनफर्डच्या संशोधकांना २००१ मध्ये आढळलं, की ड्रायव्हरमधल्या चुकांचं प्रमाण बाकीच्या कर्नलच्या तुलनेत तीन ते सात पट आहे. विंडोज व्हिस्टा आलं तेव्हाची गोष्ट तर कोर्टाच्या कागदपत्रांतच आहे. मायक्रोसॉफ्टनं २००७ मध्ये नोंदवलेल्या व्हिस्टाच्या क्रॅशपैकी जवळजवळ २९ टक्के एकट्या एनव्हिडिया या ग्राफिक्स चिपच्या कंपनीच्या ड्रायव्हरमुळे झालेले होते. नाव मात्र व्हिस्टाचं खराब झालं.

आता त्या शुक्रवारकडे परत. गंमत अशी, की त्या दिवशी ड्रायव्हर बदललाच नव्हता. सीएसएजंट डॉट सिस नावाचा क्राउडस्ट्राइकचा ड्रायव्हर आधीपासून संगणकावर होता, तपासलेला होता, त्यावर मायक्रोसॉफ्टच्या प्रमाणपत्राची सही होती. बदलली होती ती त्या ड्रायव्हरनं वाचायची माहितीची फाइल. नवनवे हल्ले ओळखायचे तर नियम रोज बदलावे लागतात, आणि प्रत्येक वेळी ड्रायव्हर प्रमाणपत्रासाठी पाठवला तर चोर पसार होईल. म्हणून ड्रायव्हर तोच ठेवायचा आणि त्याला नियमांच्या नव्या फाइली पुरवत राहायचं, अशी ही रचना. सही ड्रायव्हरवर, खाद्य मात्र बिनसहीचं. त्या फाइलींची नावंही डॉट सिसनंच संपत, त्यामुळे सुरुवातीला अनेक जाणकारांनाही तो ड्रायव्हरच वाटला.

बिघडलेली फाइल २९१ क्रमांकाची. विंडोजमधले प्रोग्रॅम एकमेकांशी बोलायला नेम्ड पाइप नावाची सोय वापरतात. तिचा गैरवापर पकडण्याचे नियम या फाइलमध्ये होते. नियमांच्या साच्यात रकाने होते २१. पण साच्याला माहिती पुरवणारा ड्रायव्हरमधला कोड मूल्यं देत होता २०. ही तफावत फेब्रुवारी २०२४ पासून तिथे होती. मग पाच महिने काही झालं कसं नाही? कारण तोवर आलेल्या प्रत्येक नियमात एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ अशी खूण होती. काहीही चालणार असेल तर तिथे नेमकं काय आहे हे बघायला कोण जातंय? मार्चमधल्या चाचणीत हा साचा पास झाला, एप्रिलमध्ये आणखी तीन नियम निर्धोक गेले. १९ जुलैच्या नियमात पहिल्यांदाच एकविसाव्या रकान्यात काहीतरी ठरावीक शोधायला सांगितलं होतं. ड्रायव्हर विसांची यादी ओलांडून एकविसावं मूल्य आणायला गेला, हाती मेमरीतलं भलतंच काही लागलं, ते पत्ता समजून त्यानं वाचायचा प्रयत्न केला आणि विंडोजनं खेळ थांबवला. फाइल पाठवण्याआधी तपासणारा एक प्रोग्रॅमही होता. पण साच्यात २१ रकाने म्हटलेत म्हणजे मूल्यंही २१ येणार, असं तोही धरून चालला होता.

चाचणी झाली नव्हती म्हणून हे घडलं, असं जे सरसकट म्हटलं जातं ते मला पटत नाही. चाचण्या झाल्या होत्या. पण चाचणीत वापरलेली उदाहरणंच अशी होती, की ती त्या जागेकडे फिरकलीच नाहीत. माझ्या मते त्याहून मोठा दोष दुसरा आहे. फाइल आधी हजारभर संगणकांवर, मग लाखभर, मग सगळीकडे अशी टप्प्याटप्प्यानं न सोडता एकदम सगळ्यांना दिली गेली. ड्रायव्हरच्या आवृत्तीबाबत ग्राहक ‘आम्ही एक पायरी मागे राहू’ असं ठरवू शकत होते. या नियमांच्या फाइलींबाबत तेव्हा ती मुभा नव्हती.

त्याच दिवशी अफवांचाही सुकाळ होता. फाइल नुसत्या शून्यांनी भरलेली आहे, असं कुणीतरी दाखवून दिलं आणि तेच कारण म्हणून पसरलं. कंपनीनं ते नाकारलं आणि पुढच्या विश्लेषणातही कारण यादीबाहेरच्या वाचनाचंच निघालं. बंद पडलेल्या यंत्राजवळ जे विचित्र दिसेल त्याला गुन्हेगार ठरवायची घाई दुरुस्ती करणाऱ्यांना नेहमीच भोवते.

दुरुस्ती म्हणाल तर ती एका ओळीची होती. संगणक सेफ मोडमध्ये सुरू करायचा, सी ड्राइव्हमधल्या विंडोज, सिस्टिम ३२, ड्रायव्हर्स, क्राउडस्ट्राइक या फोल्डरात जायचं, ‘सी-०००००२९१’ नं सुरू होणारी फाइल उडवायची आणि रीस्टार्ट. सेफ मोडमध्ये विंडोज अगदी आवश्यक तेवढेच ड्रायव्हर उचलतं, बाहेरच्या कंपन्यांना आत घेत नाही. म्हणून तिथे संगणक उभा राहतो. एरवी हा ड्रायव्हर संगणक सुरू होतानाच्या अगदी पहिल्या घोळक्यात चढायचा. त्याच्याआधी व्हायरस चढू नये हा त्यामागचा हेतू रास्त, पण त्यामुळेच दुरुस्तीचा हुकूम ऐकण्याइतका वेळही संगणक शुद्धीवर राहत नव्हता. किल्ली गाडीत आणि दार लॉक, तशी गत. इंटरनेटवरून फाइल मागे घेऊन ७८ मिनिटांत चूक सुधारली गेली खरी, पण ती जे संगणक अजून पडले नव्हते त्यांच्यापुरती. पडलेल्यांपर्यंत माणसाला चालत जावं लागलं.

आणि पोचल्यावर बिटलॉकर हे विंडोजचं डिस्कचं कुलूप आडवं आलं. कंपन्यांच्या संगणकांची डिस्क कुलूपबंद असते. सेफ मोडच्या वाटेला लागलं की ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती की ज्या सर्व्हरवर जपून ठेवलेली, तो सर्व्हरही काही ठिकाणी निळ्या स्क्रीनवरच. फोनवर कुणीतरी सहा-सहा अंकांचे आठ गट वाचून दाखवतंय आणि समोरचा एका बोटानं ते टाइप करतोय, हे दृश्य हेल्पडेस्कवर बसलेल्यांना नव्यानं सांगायला नको. उलट काही ठिकाणी नुसत्या पुन्हा पुन्हा रीस्टार्टनं काम झालं. पडायच्या आधीच्या क्षणभरात संगणकानं सुधारित फाइल ओढून घेतली तर सुटका. मायक्रोसॉफ्टनं आपल्या क्लाउडवरच्या आभासी संगणकांसाठी गंभीरपणे सांगितलं होतं, की १५ वेळापर्यंत रीस्टार्ट करावं लागू शकतं. ‘बंद करून चालू करून बघा’ या सल्ल्याला इतकी अधिकृत प्रतिष्ठा याआधी क्वचितच मिळाली असेल.

आपल्या विमानतळांवरचे व्यवहार दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपासून रुळावर येऊ लागले. क्राउडस्ट्राइकच्या सांगण्यानुसार २५ जुलैपर्यंत ९७ टक्क्यांहून अधिक संगणक पूर्ववत झाले. अमेरिकेतल्या डेल्टा एअरलाइन्सला मात्र घडी बसवायला पाच दिवस लागले आणि सुमारे सात हजार उड्डाणं रद्द झाली. मॅकना काही झालं नाही, कारण ती फाइल विंडोजसाठीच होती. शिवाय अशा सॉफ्टवेअरला कर्नलबाहेर काढायचं काम ॲपलनं २०१९ पासूनच सुरू केलं होतं. मायक्रोसॉफ्टनं हीच दिशा उशिरा धरली. नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या योजनेत सुरक्षा कंपन्यांना कर्नलबाहेर काम करता यावं ही एक गोष्ट होती. दुसरी, क्विक मशीन रिकव्हरी: विंडोज सुरूच होत नसेल तर दुरुस्तीच्या वेगळ्या विभागातून संगणकानं स्वतःच नेटवर्क गाठायचं आणि उपाय उतरवून घ्यायचा.

घरच्या लॅपटॉपवर हेच नाट्य लहान प्रमाणात घडतं. अपडेट झालं, दुसऱ्या दिवशी वायफायचं चिन्हच गायब. अशा वेळी लोक पहिल्यांदा करतात ते म्हणजे ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अपडेट करा’ म्हणणारं एखादं फुकट सॉफ्टवेअर उतरवणं. कृपा करून ते करू नका. एक ड्रायव्हर बिघडलेला असताना आणखी दहा बदलले तर कशामुळे काय झालं हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

आधी काय बदललं ते बघा. विंडोजमध्ये रिलायबिलिटी मॉनिटर नावाचा एक गुणी आणि दुर्लक्षित कोपरा आहे. स्टार्ट मेनूत ‘रिलायबिलिटी’ टाइप केलं की ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ येतं. त्यात तारखांच्या रांगेत कुठल्या दिवशी काय बसवलं गेलं आणि कुठल्या दिवशी काय कोसळलं हे एकाखाली एक दिसतं. दोघांच्या तारखा जुळल्या की अर्धा तपास झाला. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणाच्या प्रॉपर्टीजमधल्या ड्रायव्हर टॅबवर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबायचं. विंडोज जुना ड्रायव्हर सहसा लगेच फेकून देत नाही, त्यामुळे तो इंटरनेटशिवायही परत बसतो. बटण फिकट दिसत असेल तर परत जायला जुनी आवृत्ती शिल्लक नाही. मग लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्यायचा. वायफायच गेलं असेल तर तो उतरवायचा कसा? अँड्रॉइड फोन केबलनं जोडून यूएसबी टेथरिंग, म्हणजे फोनचं इंटरनेट लॅपटॉपला देण्याची सोय, सुरू करा. त्याला लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीच असतो आणि वायफायच्या चिपशी त्याचा काही संबंध नसतो.

संगणक सुरूच होत नसेल तर विंडोजचा लोगो दिसताच पॉवरचं बटण दाबून धरून तो बंद करायचा. असं दोन-तीनदा केलं की विंडोज स्वतःहून दुरुस्तीचा मेनू दाखवतं. तिथून सेफ मोड गाठता येतो किंवा शेवटचं अपडेटही काढता येतं. इथेही बिटलॉकर की मागितली जाऊ शकते. घरच्या संगणकाची की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते आणि ती फोनवरून बघता येते. लिनक्सवाल्यांची सोय अधिक सरळ आहे. उबुंटूसारख्या वितरणांत जुनं कर्नल शिल्लक ठेवलेलं असतं, संगणक सुरू होतानाच्या ग्रब मेनूतून ते निवडलं की काम चालू.

खरी कसोटी लागते ती कधीतरीच येणाऱ्या निळ्या स्क्रीनशी. आज आली, मग आठवडाभर नाही. स्क्रीनवर ज्या फाइलचं नाव येतं तिचाच दोष असेल असं नाही. एका ड्रायव्हरनं दुसऱ्याच्या मेमरीत लिहून ठेवलं, तर तो निवांत पुढे निघून जातो आणि नंतर तिथे वाचायला आलेला बिचारा पकडला जातो. पुष्कळदा नाव येतं ते विंडोजच्या स्वतःच्या कर्नल फाइलचं. यासाठी विंडोजमध्ये ड्रायव्हर व्हेरिफायर आहे. तो संशयित ड्रायव्हरवर मुद्दाम कडक पहारा बसवतो, म्हणजे चूक होताक्षणी तोच रंगेहाथ पकडला जावा. साहजिकच तो लावल्यावर संगणक आधीपेक्षा जास्त वेळा पडतो, कधी सुरू होतानाच. म्हणून तो लावण्याआधी रिस्टोअर पॉइंट, म्हणजे परत जाता येईल अशी विंडोजच्या स्थितीची नोंद, करा, संशय बाहेरच्या कंपन्यांच्या ड्रायव्हरपुरताच ठेवा, आणि सेफ मोडमध्ये जाऊन व्हेरिफायर रीसेट कसा करायचा ते आधी शिकून घ्या, पहारा नंतर बसवा.