मासे, कॅप्सूल आणि हृदय: पार्श्वभूमी

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला डेन्मार्कच्या संशोधकांनी ग्रीनलंडमधल्या इनुइट लोकांच्या रक्तातली चरबी तपासली आणि मासे-सीलच्या आहाराचा संबंध हृदयविकार कमी असण्याशी जोडला. हृदयविकाराचं प्रमाण मात्र त्यांनी स्वतः मोजलं नव्हतं. ते तिथल्या आरोग्य नोंदींतून घेतलं होतं. २०१४मध्ये एका फेरआढाव्यानं नेमकं त्यावरच बोट ठेवलं.

पुढचा टप्पा १९८९चा. वेल्समध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या २,०३३ पुरुषांपैकी निम्म्यांना तेलकट मासे खायला सांगितलं. दोन वर्षांत त्यांच्यातले एकूण मृत्यू २९ टक्क्यांनी कमी भरले. ज्यांना मासे आवडेनात, त्यांना माशाच्या तेलाच्या कॅप्सूल दिल्या गेल्या. ही सोय पुढे फार महागात पडली असं म्हणायला हरकत नाही, कारण मासा आणि त्याचं तेल एकच, हे इथं गृहीत धरलं गेलं. १९९९च्या इटलीतल्या चाचणीत ११ हजारांहून अधिक रुग्ण होते आणि ताटात मासा नव्हताच, फक्त कॅप्सूल. तिचा निकाल चांगला आला आणि ‘ओमेगा-३’ (माशाच्या तेलातली मेदाम्लं) हा शब्द माशासाठी, पूरकासाठी आणि औषधासाठी सरसकट वापरला जाऊ लागला. वेल्सच्याच मंडळींनी २००३मध्ये अंजायनाच्या (हृदयाला रक्त कमी पडल्यानं छातीत दुखण्याच्या) ३,११४ रुग्णांवर केलेल्या दुसऱ्या चाचणीत फायदा दिसला नाही, पण तिची चर्चा त्या मानानं कमीच झाली.

खरा वाद २०१८चा. त्या वर्षी साध्या मात्रेच्या कॅप्सूलच्या दोन मोठ्या चाचण्यांचा मुख्य निकाल नकारार्थी आला. त्याच सुमारास ८,१७९ जणांच्या चाचणीत काहींना रोज चार ग्रॅम शुद्ध इपीए (ओमेगा-३पैकी एक मेदाम्ल) आणि बाकीच्यांना प्लासिबो म्हणजे तुलनेसाठीचं नकली औषध दिलं, तेव्हा इपीए घेणाऱ्यांत झटका, पक्षाघात वगैरे घटना २५ टक्क्यांनी घटल्या. मग लक्ष गेलं प्लासिबोकडे. त्यात खनिज तेल होतं आणि ते घेणाऱ्यांचं एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) सुमारे १० टक्क्यांनी वाढलं होतं. म्हणजे औषध चांगलं ठरलं, की तुलनेचा गट बिघडला? अमेरिकेतल्या औषध नियामकांनी खनिज तेलाचा परिणाम किरकोळ मानून २०१९मध्ये या वापरासाठी औषधाला मंजुरी दिली. एवढ्या सहज ती शंका बाजूला सारायला नको होती. २०२०मध्ये मक्याचं तेल प्लासिबो म्हणून वापरलेली १३ हजार रुग्णांची चाचणी फायदा दिसण्याची शक्यता नाही म्हणून मध्येच थांबवली गेली. तिच्यात इपीएबरोबर डीएचए हे दुसरं ओमेगा-३ही होतं, त्यामुळे ती तुलनाही सरळ नाही. या दोन्ही चाचण्यांत औषध घेणाऱ्यांमध्ये हृदयाचे ठोके अनियमित होण्याचं (एट्रियल फिब्रिलेशन) प्रमाण मात्र वाढलेलं दिसलं.

या गदारोळात ताटातला मासा मागेच राहिला. अमेरिकेतल्या तज्ज्ञांचा २०१८चा सल्ला आठवड्यातून एक-दोनदा, न तळलेले मासे खाण्याचा आहे. कमी सकस पदार्थांऐवजी मासा आला तर लाभ अधिक, असंही त्यात म्हटलं आहे. कॅप्सूल गिळल्यानं ताटातलं काहीच बदलत नाही.