दुखत नसतानाही घ्यायची गोळी

अर्धशिशीचा झटका आला की गोळीची आठवण कुणी करून द्यावी लागत नाही. उजेड सोसत नाही, आवाज नकोसा होतो, पोटात ढवळतं, आणि हात आपोआप गोळीकडे जातो. प्रतिबंधक गोळीचं तसं नाही. ती रोज घ्यायची असते, डोकं अगदी शांत असेल त्या दिवशीही. तिचा गुण आला म्हणजे झटका आला नाही, एवढंच. न आलेला झटका मोजायचा कसा? बहुतेक माणसं ही औषधं अर्ध्यावर सोडतात त्यामागे हे एक मोठं कारण आहे, असं मला वाटतं.

ही गोळी प्रत्येकाला लागत नाही. महिन्यातले चार किंवा त्याहून जास्त दिवस डोकेदुखीत जात असतील, झटके मोजकेच पण माणसाला अंथरुणाला खिळवणारे असतील, किंवा झटक्यावरची औषधं लागू पडत नसतील, तर डॉक्टर तिचा विचार करतात. आणखी एक कारण फार लोकांना ठाऊक नसतं. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात 15 किंवा अधिक दिवस, आणि ट्रिप्टान गटातल्या (झटका आल्यावर घ्यायच्या, खास अर्धशिशीच्या) किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्या 10 किंवा अधिक दिवस, अशा तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्या, तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. दुखतं म्हणून गोळी आणि गोळीमुळे पुन्हा दुखणं, असं ते चक्र असतं.

डॉक्टरांची चिठ्ठी वाचून गोंधळ उडतो तो वेगळाच. अर्धशिशीसाठी गेलेल्या माणसाला गोळी मिळते रक्तदाबाची, फिटची नाहीतर नैराश्याची. यात चूक काही नाही. 1966 मध्ये छातीत दुखण्यावर प्रोप्रानोलॉल घेणाऱ्या एका रुग्णाची अर्धशिशीही कमी झाल्याचं डॉक्टरांच्या ध्यानात आलं आणि हृदयाच्या औषधाला नवं काम मिळालं. अॅमिट्रिप्टिलिन नैराश्यावरचं, टोपिरामेट अपस्मारावरचं आणि कँडेसार्टन रक्तदाबावरचं औषध. तिन्ही पुढे अशीच अर्धशिशीच्या उपचारात आली. खास या आजारासाठी घडवलेली औषधं बरीच उशिरा मिळाली. झटक्याच्या वेळी चेहऱ्याच्या व डोक्याच्या संवेदना नेणाऱ्या मज्जातंतूच्या टोकांतून सीजीआरपी नावाचं प्रथिन स्रवतं. त्याचा मार्ग अडवणाऱ्या पहिल्या इंजेक्शनला 2018 मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली.

जुन्या औषधांचं हे दुहेरी आयुष्य सुरक्षिततेच्या दृष्टीने फार महत्त्वाचं आहे. गोळी घेतली डोक्यासाठी, तरी ती हृदयावर, फुप्फुसांवर, मनावर आपलं मूळ काम करतच राहते. म्हणून दमा असलेल्याला प्रोप्रानोलॉल धोक्याचं. त्याने श्वासनलिका आकसू शकतात. मधुमेहाची औषधं घेणाऱ्याच्या रक्तातली साखर उतरली की छाती धडधडते आणि तो सावध होतो, पण या गोळीने ती धडधडच दबते. ट्रिप्टान गटातलं रिझाट्रिप्टान सोबत असेल तर प्रोप्रानोलॉलमुळे त्याचं रक्तातलं प्रमाण वाढतं, म्हणून त्याचा डोस कमी ठेवावा लागतो. फ्लुनारिझिन या दुसऱ्या प्रतिबंधक औषधाने वजन वाढू शकतं, मन खचू शकतं, हातपाय थरथरू शकतात. तेव्हा आधीचे सगळे आजार आणि चालू असलेलं प्रत्येक औषध डॉक्टरांना सांगा, पूर्वी येऊन गेलेलं नैराश्यसुद्धा.

गर्भधारणेचा मुद्दा मला सर्वांत कळकळीने मांडायचा आहे. अपस्मारावरचं पण अर्धशिशीसाठीही दिलं जाणारं औषध व्हाल्प्रोएट, त्यामुळे गर्भाच्या मेंदूत व पाठीच्या कण्यात व्यंग येण्याचा धोका वाढतो आणि मुलाच्या बुद्धीच्या वाढीवरही परिणाम होऊ शकतो. टोपिरामेटने ओठ किंवा टाळू दुभंगलेलं बाळ जन्माला येण्याची शक्यता वाढते. दिवस गेल्याचं कळेपर्यंत बाळाचे अवयव घडायला लागलेले असतात. म्हणून हे बोलणं पहिली गोळी घेण्याआधीच व्हायला हवं, आणि डॉक्टरांनी विषय काढला नाही तर आपण काढावा. टोपिरामेटचा डोस जास्त असेल तर गर्भनिरोधक गोळीचा परिणामही कमी होऊ शकतो, हेही तेव्हाच विचारून घ्यावं.

डोस लहान सुरू करून सावकाश वाढवतात. टोपिरामेट बहुधा रोज 25 मिलिग्रॅमपासून सुरू होतं आणि दर आठवड्याला थोडं थोडं वाढत 100 पर्यंत जातं. या काळात बोटांना मुंग्या येतात, ऐन बोलताना शब्द सापडत नाही, भूक मंदावते. मुतखड्याचाही धोका असतो, म्हणून पाणी भरपूर प्यावं. हे त्रास सोसवत नसतील तर डॉक्टरांना सांगावं, डोस बदलता येतो. मात्र डोळा अचानक दुखायला लागला आणि धूसर दिसू लागलं तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा, कारण हे औषध क्वचित डोळ्यातला दाब एकाएकी वाढवतं.

पहिल्या दोन आठवड्यांत फरक दिसला नाही म्हणून गोळी कुचकामी ठरत नाही. पूर्ण डोसवर निदान आठ आठवडे तरी द्यावे लागतात. त्यासाठी वहीत नोंद ठेवा: कोणत्या दिवशी दुखलं, किती दुखलं, झटक्याची कोणती गोळी घेतली. डोकेदुखीचे दिवस निम्म्यावर आले तर औषध चांगलं लागू पडलं असं मानतात. महिन्यात आठ दिवसांचे चार झालेले माणसाला जाणवतीलच असं नाही, पण वहीत ते स्पष्ट दिसतात.

एखादी गोळी विसरली तर दुसऱ्या वेळी दोन घेऊ नयेत. बरं वाटतंय म्हणून एकदम बंदही करू नये. प्रोप्रानोलॉल अचानक सोडलं तर नाडी आणि रक्तदाब उसळू शकतात, आणि हृदयविकार असलेल्याला छातीत दुखण्याचा झटका येऊ शकतो. सहा महिने ते वर्षभर चांगले गेले की डॉक्टर डोस काही आठवड्यांत हळूहळू उतरवून पाहतात. त्या दिवसांत गोळ्या कमी होत असल्या तरी वहीतली नोंद चालूच ठेवावी. झटके पुन्हा वाढू लागले तर ते तिथेच आधी कळतं.