पंपाचा एक अंश

गळीत हंगामात सांगलीच्या रस्त्यांवर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर काळा धूर ओकत चढ चढतात, तेव्हा 'धूर मारतोय म्हणजे ताकद लावतोय' असे सांगणारे हमखास भेटतात. प्रत्यक्षात तो धूर म्हणजे हवा अपुरी पडल्याने न जळालेला कार्बन आहे. पण 'धूर नाही, म्हणजे प्रदूषण नाही' हा समजही तितकाच चुकीचा असून, त्याचे कारण मेकॅनिक ज्याला 'टायमिंग' म्हणतात त्यात, म्हणजे इंजिनात डिझेलचा फवारा सोडण्याच्या वेळेत आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टनने दाबल्यामुळे तापलेल्या हवेत नोझलमधून आलेला डिझेलचा फवारा आपोआप पेटतो. मात्र थेंबांची वाफ होऊन ती हवेत मिसळायला साधारण एक मिलिसेकंद लागतो, म्हणून पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याआधीच, क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा दांडा) काही अंश मागे असताना फवारा सोडावा लागतो. मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या इंजिनात क्रँकचा एक अंश म्हणजे सेकंदाचा नऊ हजारावा भाग.

फवारा लवकर सोडला, तर बराचसा स्फोट पिस्टन वर असतानाच होतो, तापमान शिगेला पोहोचते आणि काजळीही जळून जाते. परंतु एरवी कशातही न मिसळणारा हवेतला नायट्रोजन सुमारे १५०० अंश सेल्सिअसच्या वर ऑक्सिजनशी झपाट्याने संयोग पावू लागतो, आणि त्यातून तयार होणारा नायट्रिक ऑक्साइड रंगहीन असल्याने डोळ्यांना दिसतच नाही. फवारा उशिरा सोडला, तर खाली निघालेल्या पिस्टनमागे ज्वाला थंडावते; हा वायू घटतो, पण काजळी आणि डिझेलचा खप दोन्ही वाढतात.

ही वेळ बदलण्यासाठी गॅरेजमध्ये नट सैल करून नोझलला डिझेल पुरवणारा पंप किंचित फिरवला जातो. चार स्ट्रोकच्या इंजिनात पंप क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे पंपाच्या एका अंशाने क्रँकवर दोन अंशांचा फरक पडतो. तो खुणेवर बसवण्याऐवजी डिझेलच्या नळीला चुंबक बांधून ॲव्हरेज वाढवण्याच्या जाहिरातींवर पैसे घालवणाऱ्यांची मला खरोखर काळजी वाटते, कारण चुंबकाने डिझेलच्या ज्वलनात काहीच बदलत नाही.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या वाहन-प्रदूषणाच्या मानकाने डिझेल मोटारींची नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला २५० वरून ८० मिलिग्रॅमवर आणली. कॉमन रेल या फवाऱ्याच्या नव्या पद्धतीत टायमिंग संगणक ठरवतो आणि मुख्य फवाऱ्याआधी छोटा फवारा सोडतो. अनेक ट्रकांत उरलेला वायू युरियाच्या ३२.५ टक्के द्रावणाने धुराड्यातच निष्प्रभ केला जातो. ती यंत्रणा बायपास करून घेतली, तर धूर दिसणार नाही, वायू मात्र तसाच बाहेर पडेल.